दोघं आधी पार्किंगमध्ये उतरा

घरात इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. एकजण विचारतो, "पेट्रोलचे महिन्याला किती वाचतील?" दुसऱ्याची शंका असते, "गणपतीला गावी जाताना मध्येच चार्जिंग संपलं तर?" दोन्ही रास्त आहेत, पण सुरुवात यांच्यापासून करू नका. गाडी रात्री जिथे उभी राहणार तिथे १५ अँपिअरचा प्लग आहे का, आणि नसेल तर तो बसवता येईल का, हे आधी बघा. शोरूमला टेस्ट ड्राइव्ह घ्यायला जाण्यापूर्वी एखाद्या रविवारी सकाळी नवराबायको दोघांनी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन पार्किंगमध्ये उतरावं, एवढंच माझं पहिलं सांगणं आहे.

दोघांनीच का? कारण बहुतेक घरांत गाडी पसंत एक करतो आणि तिच्यासोबत रोजचे दिवस दुसरा काढतो. पेट्रोलच्या गाडीत हे खपून जायचं. टाकी कुणीही भरली तरी चालायचं. इलेक्ट्रिक गाडीत रोजची एक सवय बदलते. रात्री प्लग कोण लावणार, उद्या लांब कुणाला जायचंय, सोसायटीच्या बैठकीत कोण बोलणार, हे घरात ठरलेलं नसेल तर पहिल्याच महिन्यात "तूच म्हणालास घेऊ या" सुरू होतं.

पार्किंगमध्ये काय बघायचं? तुमच्या मीटरपासून तुमच्या जागेपर्यंत केबल किती लांब पडेल, ती कुठून नेता येईल आणि अर्थिंग कसं आहे. यातलं अर्थिंग सर्वांत महत्त्वाचं, आणि जुन्या इमारतींत नेमकं तिथेच घोडं अडतं. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर काढायला सांगा. एक पिन न्यूट्रलला, दुसरी अर्थिंगला. काटा दोन-तीन व्होल्टच्या आत राहिला तर ठीक. वीस-पंचवीस दाखवू लागला तर दहा-बारा लाखांची नवी गाडी दारात उभी राहील आणि चार्जर लाल दिवा लावून ढिम्म बसेल. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं; धोका दिसला म्हणून तो वीज घेत नाही. मग लोक शोरूमवाल्याशी भांडतात, आणि दुरुस्ती मात्र इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात करायची असते.

एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही चार्ज करू नका. मिक्सर, इस्त्री थोडा वेळ चालतात. गाडी सलग आठ-आठ तास पूर्ण भाराने वीज ओढते. बोर्डाचं प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वास येतो. त्या वासापर्यंत गोष्ट जाऊ देऊ नका. तांब्याची जाड केबल, स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी यांवर पैसे वाचवायचे नसतात.

भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा मोठा चार्जर हवाच, असा समज आहे. बहुतेकांना तो लागत नाही. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला साधारण तीन युनिट वीज जाते. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे चोवीस युनिट. लहान किंवा मध्यम गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर सहज जाते, म्हणजे झोपेत दीडशे किलोमीटरची सोय झाली. कोथरूडहून हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्याचं जाणं-येणं चाळीसच्या आसपास असतं. त्याला रोज प्लग लावायचीही गरज नाही. मोठा चार्जर लागतो तो दोघांचंही रोजचं फिरणं लांबचं असेल आणि गाडी एकच असेल तेव्हा. त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो, ते आधी विचारून घ्या.

सोसायटीचं प्रकरण जरा नाजूक. तुमच्या स्वतःच्या वीजजोडणीवरून तुमची गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे. पण केबल जाणार ती सगळ्यांच्या भिंतीवरून, म्हणून कमिटीला विश्वासात घ्यावंच लागतं. तिथे "हा माझा हक्क आहे" अशी सुरुवात केलीत तर सहा महिने गेलेच म्हणून समजा. लेखी अर्ज, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र, केबलचा साधा नकाशा आणि "सगळा खर्च आमचा" हे एक वाक्य घेऊन जा. चिटणीसांशी आधी जिन्यात बोलून ठेवा; बैठकीत होणारे निर्णय जिन्यातच झालेले असतात. या कामाला दोघांपैकी ज्याचं सोसायटीत बरं आहे त्यानेच जावं.

सगळ्या इमारतीसाठी एक पर्यायही सुचवता येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी छतावर सौर पॅनल लावायला किलोवॉटमागे १८,००० रुपयांचं अनुदान आहे, आणि त्या सामाईक सोयींत वाहनांचं चार्जिंगही धरलेलं आहे. स्वतःचं घर असेल तर तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या पॅनलला ७८,००० रुपये मिळतात. तीन किलोवॉटवर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट तयार होतात. पावसाळ्यात अर्थात कमी.

हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं की आपल्या देशात अजून बहुतांश वीज कोळशावरच तयार होते. इलेक्ट्रिक गाडीने धूर आपल्या गल्लीतून हटतो हे खरं, आणि तेही थोडं नाही. पण "आम्ही प्रदूषण शून्यावर आणलं" असं व्हॉट्सअॅपवर लिहू नका. तुमची पेट्रोलची गाडी चारच वर्षांची आणि धडधाकट असेल, महिन्याला मोजकीच चालत असेल, तर पर्यावरणासाठी म्हणून ती विकून नवी घेण्याची घाई करू नका. तीच वापरा.

आता पैशांकडे. महिन्याला हजार किलोमीटर चालवणारं जोडपं धरू. पेट्रोलची गाडी शहरात लिटरला पंधरा देते असं धरलं, तर सहासष्ट-सदुसष्ट लिटर, म्हणजे सात हजारांच्या घरात. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून दीडशे-एकशेसाठ युनिट. युनिटला बारा रुपये पकडले तरी दोन हजारांच्या आत. महिन्याला पाच हजार सुटले. गाडी पेट्रोलच्या जोडीदारापेक्षा तीन लाखांनी महाग असेल तर पाच वर्षांत हिशेब बरोबरीत येतो. महिन्याला चारशेच किलोमीटर चालवलीत तर मात्र तेच तीन लाख भरून यायला बारा-तेरा वर्षं लागतील. निवृत्त जोडप्यांना मी म्हणूनच सांगते, शांत आणि गिअर नसलेली गाडी हवी म्हणून जरूर घ्या, पैसे वाचतील म्हणून घेऊ नका.

या हिशेबात दोन ठिकाणी गडबड होते. पहिली, वीज बिलाच्या टप्प्यांमुळे. महावितरणच्या घरगुती दरात तीनशे युनिटांच्या पुढे दर चढतो. घरचे दोनशे आणि गाडीचे दीडशे मिळून तुम्ही ती रेघ ओलांडता. चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेता येतं आणि त्याचा दर निराळा असतो. मागच्या वर्षभराची बिलं समोर ठेवून दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करा. दुसरी गडबड बाहेरच्या चार्जिंगची. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये आणि वरही जातात. घरी प्लग नाही आणि रोज बाहेरच चार्ज करायचं, असं असेल तर बचत निम्मी-शिम्मी उरते आणि वेळ जातो तो वेगळाच. अशा जोडप्यांनी तूर्त थांबावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

शोरूममध्ये गेल्यावर काही गोष्टी कानाआड करायच्या. कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखाची वजावट मिळते असं अजूनही कुणीतरी सांगतं. ती कलम ८०ईईबीची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. खऱ्या सवलती आहेत त्या अशा: जीएसटी पाच टक्के, थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात पंधरा टक्के सूट, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी. फास्टॅगची नोंद गाडीच्या नंबरशी नीट जुळते ना ते बघा आणि पहिले काही दिवस मोबाइलवर येणारे टोलचे मेसेज वाचत जा.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजनाही पुढे केली जाते. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली तेव्हा गाडीची किंमत कमी ठेवून बॅटरीला किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडं लावलं होतं. हजार किलोमीटरला साडेतीन हजार भाडं आणि वर वीज, म्हणजे बचतीतला मोठा वाटा भाड्यातच गेला. ज्यांच्याकडे आज एकरकमी पैसे नाहीत त्यांच्यासाठी ते वाईट नाही, पण किमान किलोमीटरची अट आहे का आणि पुढे गाडी विकताना काय, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

रेंजचा छापील आकडा वाचताना त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग मनातल्या मनात वजा करा. ४५० लिहिलं असेल तर हातात तीनशे-सव्वातीनशे येतील. शंभरच्या वर वेग नेलात की आकडा भराभर उतरतो. खंडाळ्याचा घाट चढतानाही उतरतो, पण परतीच्या उताराला त्यातला थोडा भाग बॅटरीत परत येतो. आणि गणपतीचं म्हणाल, तर वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेलं अख्खं वर्ष मोठ्या बॅटरीची किंमत मोजणं मला पटत नाही. पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यावर आता हॉटेलांच्या आवारात चार्जर दिसतात. कोकणात सणाच्या गर्दीत मात्र चार्जरपुढे रांग लागू शकते. रेल्वे आहे, भाड्याची गाडी आहे. मेहुण्याची पेट्रोलची गाडी आठवडाभर मागून घ्या आणि त्याला तुमची द्या; पुढच्या वर्षी तोही इलेक्ट्रिक घेईल.

घरात दोन गाड्या असतील तर प्रश्नच मिटला. जास्त चालते ती इलेक्ट्रिक करा. दोघं जरा अडतात ते इथे, कारण जास्त चालणारी गाडी बरेचदा बायकोची असते आणि नवी गाडी आपल्याला असं नवऱ्याने गृहीत धरलेलं असतं. गेल्या सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरचे किलोमीटर बघा. वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

टेस्ट ड्राइव्हला दोघांनी चालवायची आणि दोघांनी शेजारी बसायचंही. कारण असं की अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ही गाडी स्वतःच वेग कमी करते आणि तीच ऊर्जा बॅटरीत भरते. चालवणाऱ्याला त्यात मजा वाटते. शेजारच्याला पसरणीच्या घाटात मळमळतं. त्याची तीव्रता कमी करायचं बटण कुठे आहे ते तिथेच विचारा. शेजारी बसणाऱ्याने विचारलं तर जास्त चांगलं, कारण चालवणारा विसरतो.

गाडी ताब्यात घेतानाही दोघं जा. चार्जिंगची गन अडकली तर हाताने सोडवायची दोरी किंवा खटका कुठे असतो, ते दोघांना दाखवायला लावा. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत बारा व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, हे पुष्कळांना पहिल्यांदा घरच्या पार्किंगमध्येच कळतं. रोज किती टक्के भरायचं ते बॅटरीच्या प्रकारावर ठरतं: एलएफपी असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरावी लागते, दुसऱ्या प्रकारात रोज ऐंशीवर थांबलेलं बरं. तुमची कोणती, हे लिहून घ्या. गाडीचं अॅप एकाच फोनवर न ठेवता दोघांच्या नावाने सुरू करून घ्या. चार्जिंगची दोन-तीन अॅपही दोन्ही फोनवर असू द्या आणि त्यांत थोडे पैसे भरून ठेवा. नाहीतर रात्री नऊला एकटी चार्जरसमोर उभी असलेली बायको मीटिंगमध्ये बसलेल्या नवऱ्याला ओटीपी मागत राहते.

पहिला लांबचा प्रवास साताऱ्यापर्यंतच करा, वाटेत गरज नसली तरी एकदा फास्ट चार्जरवर थांबा, आणि घरात ज्याला या गाडीची जास्त धास्ती होती त्याच्या हातात स्टिअरिंग द्या.