ईदचा फोटो नको, नियमांचा कागद दाखवा

मागच्या वर्षी लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी पुण्यातल्या एका ‘इंटरनॅशनल’ शाळेत गेलो होतो. माहितीपत्रकावर स्कार्फ बांधलेली मुलगी, शेजारी पटका बांधलेला मुलगा, खाली ठळक अक्षरांत ‘बहुसांस्कृतिक वातावरण’. वार्षिक शुल्क साडेचार लाख. समुपदेशक बाईंनी विचारलं, “घरी कोणती भाषा बोलता?” मी म्हणालो, “मराठी.” त्यांनी अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं. “नाही, म्हणजे घरी?” पुढचा प्रश्न बायकोला होता. “डब्यात नॉनव्हेज चालत नाही, अंडंसुद्धा. तुम्हाला अडचण नाही ना?” मग लेकीला समोर बसवून रंग, आकडे आणि “पप्पा काय करतात?” असं विचारून झालं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ग्राहकाला दाखवायचा डेमो आणि रोज चालणारी प्रणाली यांत किती अंतर असतं, हे माझ्या पोटापाण्याचं ज्ञान आहे. शाळेचा ईदचा कार्यक्रम हा डेमो आहे. आपल्यासारखे नुकते बऱ्या पगाराला लागलेले तरुण मुस्लीम पालक तोच बघून धनादेश फाडतात, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट ‘इंटरनॅशनल’ या शब्दाची. हा शब्द नावात असलेल्या कितीतरी शाळा सीबीएसईच्या किंवा राज्य मंडळाच्या आहेत. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेली संस्था आहे. तिची मान्यता मिळालेली शाळा वेगळी आणि मान्यतेसाठी नुसती ‘उमेदवार’ असलेली शाळा वेगळी. संस्थेच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत हे कळतं. भाषा, प्रवेश आणि समावेशन यांविषयीची धोरणं अशा शाळेला लेखी ठेवावी लागतात. ती मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

दुसरी गोष्ट मुलाखतीची. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १३ : प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. आमची झाली ती ‘गप्पा’ नव्हती, चाळणी होती. मला कलम ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. आपल्यामुळे मुलीचा प्रवेश जाईल ही भीती मला वाटली, आणि शाळा याच भीतीवर चालते.

तिसरी गोष्ट प्रार्थनेची. संविधानाच्या कलम २८(३) नुसार राज्याने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. सरस्वतीपूजन असो की नमाज, नियम एकच. शाळेला विचारायचं ते एवढंच : संमती लेखी घेता का, आणि ‘नको’ म्हणणारं मूल त्या वेळी कुठे बसतं? बाहेर व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं?

चौथी गोष्ट डब्याची. बहुसंख्य भारतीय मांस, मासे किंवा अंडी खातात. तरी शाळा ‘स्वच्छते’च्या नावाखाली निम्म्या वर्गाचं जेवण घाण ठरवत असेल, तर सहा वर्षांचं मूल त्यातून काय शिकतं हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. नाझिया एरम यांच्या ‘मदरिंग अ मुस्लिम’ या पुस्तकात महागड्या शाळांतल्या मुस्लीम मुलांना वर्गमित्रांकडून काय ऐकावं लागतं ते आलं आहे. जास्त शुल्क भरलं की द्वेष फाटकाबाहेर राहतो, हा आपला समज त्यातून गळून पडतो. म्हणून विचारा : कुणी माझ्या मुलीला ‘पाकिस्तानी’ म्हटलं तर तक्रार कुणाकडे, किती दिवसांत, आणि मागच्या तक्रारीचं काय केलंत?

पाचवी गोष्ट मराठीची. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. प्रत्यक्षात आठवड्याला किती तास आणि कोण शिकवतं, ते पाहा. फ्रेंचला पूर्णवेळ शिक्षक आणि मराठीला जो रिकामा असेल तो, ही कसली बहुसांस्कृतिकता? आमच्या घरात नानीपासून मराठी आहे. ती लेकीला शाळेत लपवावी लागू नये.

आता आरसा आपल्याकडे. खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या इयत्तेच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी आहेत. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण २०१४ च्या प्रमती निकालामुळे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर आहेत. त्यात आपल्या ट्रस्टांच्या चकचकीत शाळाही आल्या. दाखल्यावर ‘अल्पसंख्याक’, शुल्क लाखात, आणि गल्लीतल्या रिक्षावाल्याचं पोर बाहेर. तिथे दुआ छान शिकवतात म्हणून आपण काही विचारत नाही. गरीब मुसलमान ज्या वर्गात नाही, तो वर्ग आपल्यालाही मनातून हवाच असतो. हे मान्य केल्याशिवाय दुसऱ्यांच्या भेदभावावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

लेकीला आम्ही एका अनुदानित, सेमी-इंग्रजी मराठी शाळेत घातलं. वर्गात ४२ मुलं आहेत. स्वच्छतागृहाबद्दल आम्ही दोनदा तक्रार केली आहे. तिथेही एका मुलाने तिला “तुमच्यात असं असतं ना?” असं विचारलंच, पण बाईंनी त्याच दिवशी दोघांना एका बाकावर बसवलं. बायकोला अजून इंग्रजीची धास्ती वाटते. ती खोटी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हतो. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, आणि महागडी शाळा निवडणं हा गुन्हा नाही. मात्र निवडायचीच तर हे प्रश्न लेखी विचारून निवडा. आम्ही गप्प बसलो, तसे बसू नका.

आणि एक काम कराच. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लीम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. वंचित घटक म्हणून २५ टक्क्यांच्या जागांसाठी त्यांना उत्पन्नाची अट नाही, फक्त जातीचा दाखला लागतो. इतरांसाठी मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. मोहल्ल्यात किती जणांना हे ठाऊक आहे? अर्ज ऑनलाइन असतो आणि मुदत कमी असते. आपल्याकडे लॅपटॉप आहे. पुढच्या प्रवेशाच्या हंगामात एका रविवारी मशिदीबाहेर किंवा समाजमंदिरात टेबल टाकून बसा आणि निदान दहा मुलांचे अर्ज भरून द्या.