जर्मन बिल्ल्याशेजारी हैदराबादचेही नाव हवे

परदेशातले लिलाव मोबाइलवर आल्यापासून दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांचे बिल्ले औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात बसूनही जमवता येतात. या छंदाला सरसकट नाझीप्रेम ठरवणे मला मान्य नाही, कारण पुरावा म्हणून हा बिल्ला फार बोलका आहे. १९३५ साली सुरू झालेला वैमानिकाचा बिल्ला पाहा. लॉरेल आणि ओकच्या पानांची लंबगोल माळ, तिच्यावर झेपावणारा गरुड आणि त्याच्या पंजांत नाझी स्वस्तिक. सुरुवातीचे बिल्ले चांगल्या धातूचे, रेखीव. युद्ध लांबले तसे ते जस्ताचे होऊ लागले आणि वरचा मुलामा उडून करडे पडले. जर्मनीची ओढाताण त्या जस्तात दिसते. मागच्या बाजूला कारखान्याची खूण असते खरी, पण बाजारात नकली माल इतका आहे की नुसत्या खुणेवर विसंबून चालत नाही.

पण या बिल्ल्याची गोष्ट वैमानिकाच्या छातीपाशी संपत नाही. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधले गेर्निका जर्मन विमानांनी भाजून काढले, तीही याच बिल्ल्याची गोष्ट आहे. ‘त्याचा आपल्याशी काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांनी आपल्याच भागाचा इतिहास पाहावा. औरंगाबाद तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते आणि त्याच्या खजिन्यात मराठवाड्याचा शेतसाराही जात होता. १९१८ मध्ये निजामाने ब्रिटिश हवाई दलाला विमाने दिली, म्हणून ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. ४ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन युद्धनौकांवर झालेल्या ब्रिटिशांच्या पहिल्याच हवाई हल्ल्यात हीच स्क्वाड्रन होती. पुढे १५२ आणि २५३ या स्क्वाड्रनही हैदराबादच्या नावाने ब्रिटनच्या आकाशात लुफ्तवाफशी, म्हणजे जर्मन हवाई दलाशी, लढल्या. १५२ च्या बोधचिन्हावर तर निजामाचे शिरोभूषणच आहे. जर्मन बिल्ले कपाटात मांडायचे आणि ही नावे माहीतच नसायची, हा संग्रह मला अर्धवट वाटतो.

काही जण म्हणतात, धातूच्या तुकड्यात राजकारण कशाला आणता? ते राजकारण बिल्ला घडवणाऱ्यांनीच त्यात ओतले आहे. म्हणूनच पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने युद्धातली पदके वापरायला परवानगी दिली ती स्वस्तिक काढूनच. दुसऱ्या टोकाचे लोक असल्या वस्तू वितळवून टाका म्हणतात. त्यांचा संताप समजतो, पण पुरावा नष्ट झाला की झालेले नाकारणाऱ्यांचेच फावते. जर्मनीतही नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी असली तरी शिक्षण आणि संशोधनाला मोकळीक आहे. तेव्हा संग्राहकांनी हा बिल्ला छातीवर मिरवू नये, भेट म्हणून वाटू नये. तो कुठून आला, कोणाचा होता, अस्सल कशावरून, हे प्रत्येक नगासोबत लिहून ठेवावे, आणि पुढचा बिल्ला विकत घेण्याआधी हैदराबादच्या या तीन स्क्वाड्रनची माहिती मिळवून त्याच कपाटात लावावी.