प्रदक्षिणेच्या वाटेवर मुलांना क्षणभर थांबू द्या

महाशिवरात्रीच्या पहाटे आपल्या नांदेड-लातूरच्या मुलखातील शिवालयांच्या वाटा माणसांनी फुलून जातात. लातूरला सिद्धेश्वराची यात्रा भरते. देगलूर तालुक्यातील होट्टलच्या सिद्धेश्वराकडे आणि निलंग्याच्या नीलकंठेश्वराकडे बिल्वदले घेतलेली कुटुंबे दर्शनास निघतात. वडीलधाऱ्यांचे बोट धरून मुलेही येतात. ज्या भिंतींना वळसा घालून आपण प्रदक्षिणा करतो, त्या भिंतींवर शतकांपूर्वीच्या कारागिरांनी देवदेवता आणि सुरसुंदरी कोरून ठेवल्या आहेत. तिकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. या दुर्लक्षाचे आम्हीही धनी आहोत, हे आज सणाच्या दिवशी कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी याच पर्वावर एका गावच्या जुन्या शिवालयात आमचे कीर्तन होते. सायंकाळी प्रदक्षिणा घालीत असता आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने आमच्या उपरण्याचे टोक धरून विचारले, “बुवा, या देवाच्या त्रिशूळावर कोण आहे?” आम्ही घाईत होतो. “देव आत आहे बाळा, बाहेर काय पाहतोस?” असे म्हणून आम्ही पुढे झालो. रात्री उत्तररंगात आम्ही अंधकासुराचे आख्यान लावले. शिवाच्या त्रिशूळावर विद्ध झालेला तो असुर अहंकार गळून शरण येतो, हा प्रसंग रंगला, श्रोते सद्गदित झाले. पण तो मुलगा तोवर आजीच्या मांडीवर झोपी गेला होता. पहाटे आम्ही भिंतीपाशी गेलो आणि चरकलो. त्रिशूळावर हात जोडलेला अंधकच तेथे होता! जी कथा आम्ही तासभर गायिली, तीच त्या बालकाने सायंकाळी विचारली होती. पुढे कुणा भाविकाने श्रद्धेने त्या भिंतीस तैलरंग दिला. आज ते जोडलेले हात रंगाच्या थरात बुजून गेले आहेत. तो मुलगा पुन्हा आला, तरी त्यास दाखवावे काय?

कला हा देवधर्माबाहेरचा विषय आहे, असे आमच्या शास्त्राने कधी मानले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती कशी घडवावी, असे विचारतो. ऋषी सांगतात की, त्यासाठी आधी चित्रकला जाणली पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. ज्या गाण्याने आमचे कीर्तन उभे राहते, त्याच गाण्यापाशी मूर्तीचेही मूळ जाऊन पोहोचते. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी तर आजही चित्रे समोर धरून रामकथा गातात. ऐकणे आणि पाहणे यांची आपल्या परंपरेने कधीच फारकत केली नाही; ती आपण केली.

कुणी म्हणेल, भिंतीवरच्या सुरसुंदरी मुलांना काय दाखवायच्या? संकोचाने त्यांना पुढे ओढणारे पालक आम्ही पाहिले आहेत. पण या घडणीच्या मंदिरांवर कुणी आरशात पाहते, कुणी पायातील काटा काढते, कुणी मृदंग वाजविते. त्यात लपविण्याजोगे काय आहे? मुलांची दृष्टी निर्मळ असते. संकोच आपला असतो.

आणि हा ठेवा परका नव्हे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात ज्या राष्ट्रकूट घराण्यातील पहिल्या कृष्णाने कोरविले, त्या घराण्याचे राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजेच आपले लातूर. त्या कैलासाच्या भिंतीवर रामायण आणि महाभारत पट्टापट्टांनी कोरले आहे. लातूरच्या किती मुलांस हे ठाऊक आहे? औसा तालुक्यातील खरोशाच्या लेण्यांतही पुराणकथा कोरल्या आहेत. परंतु तेथला जांभा दगड मऊ, तो उन्हापावसाने झिजत चालला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसरातील गावेच्या गावे कशी पडली, हे आपण भोगले आहे. दगडाचाही भरवसा नाही. मुलांच्या मनात जे उतरले, तेवढेच पुढे जाईल.

म्हणून माताभगिनींस आणि गृहस्थांस आमची विनंती आहे. दर्शनास निघण्यापूर्वी घरी एकच कथा सांगा. उंबऱ्यावरील कीर्तिमुखाची घ्या : भुकेने व्याकुळ होऊन, शिवाज्ञेने ज्याने स्वतःचेच शरीर खाल्ले आणि उरलेल्या मुखास देवाने द्वारी मान दिला, तो हा. मग देवळात गेल्यावर मुलालाच ते मुख शोधू द्या. प्रदक्षिणेत एका मूर्तीपुढे थांबा आणि आधी त्याला काय दिसते ते विचारा. मूर्तीस तेल-शेंदूर फासू नका, रंग देऊ नका. घरी परतल्यावर पाटी-पेन्सिल किंवा ओल्या मातीचा गोळा त्याच्या हाती द्या. त्रिशूळाला चार टोके आली, तरी हसू नका. भिंतीवर कोरणाऱ्या शिल्पकाराचा हातही कधीतरी असाच चुकत शिकला असेल.

आम्ही स्वतः एक नेम केला आहे. आता कीर्तनापूर्वी मुलांस बरोबर घेऊन आम्ही देवळास एक फेरी घालतो आणि भिंतीवर जी कथा सापडते, तीच रात्री लावतो. त्या रात्री मुले झोपत नाहीत. आपले कोणते चित्र बुवा सांगणार, म्हणून ती जागी असतात. शिवरात्रीचे जागरण याहून वेगळे ते काय असते?