डॉक्टरविरुद्ध तक्रार करायची, पण कोणाच्या दारात?

मालवण : उपचारात हयगय झाली असं वाटलं की आपल्याकडे दोनच वाटा सुचतात. पोलीस ठाणं, नाहीतर रुग्णालयाच्या दारात राडा. तिसरी वाट मुंबईला, डॉक्टरांच्या नोंदणी परिषदेकडे जाते. तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेतलेलं बरं.

पहिली अडचण पाटीवरच्या पदवीची. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. गावोगावच्या बीएएमएस डॉक्टरांसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, तर होमिओपॅथीसाठी वेगळी परिषद आहे. दार चुकलं की महिने वाया. नोंदणीच नसलेल्या बोगस डॉक्टरवर मात्र कुठल्याच परिषदेचा हात पोचत नाही. तिथे पोलिसच लागतात.

लेखी तक्रार गेली की डॉक्टरकडून खुलासा मागवतात. प्रकरणात तथ्य दिसलं तर चौकशी आणि सुनावणी होते. दोष सिद्ध झाला तर ताकीद, ठराविक काळ नोंदणी निलंबित, किंवा नोंदवहीतून नाव कमी. २००२ च्या आचारसंहितेनुसार निर्णय ६ महिन्यांत व्हायला हवा.

पण परिषद भरपाईचा एक रुपयाही देत नाही. तिचा प्रश्न एवढाच, की हा डॉक्टर व्यवसायाच्या नियमाने वागला का? भरपाईसाठी ओरोसला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत २ वर्षं. मात्र सगळ्यांवर मोफत उपचार करणारी रुग्णालयं १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार ग्राहक कायद्यात येत नाहीत. म्हणजे तिथल्या गरीब रुग्णाला भरपाईसाठी दिवाणी कोर्टच उरतं.

आणि दिवाणी कोर्टाची वाट किती लांब, ते कोकणाने पाहिलंय. १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका २० वर्षांच्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्यात उपचार चालू असताना तो गेला. वडिलांनी दावा लावला, ३ हजार रुपये भरपाई मंजूर झाली. डॉक्टरचं अपील सुप्रीम कोर्टाने फेटाळलं, तेव्हा १९६८ साल उजाडलं होतं.

परिषदेच्या वाटेतही एक खड्डा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात वरच्या अपिलाचा हक्क डॉक्टरचा म्हणून लिहिलाय. रुग्णाचा त्यात उल्लेख नाही, आणि त्याच आधारावर आयोगाने रुग्णांची अपिलं नाकारली आहेत. डॉक्टर हरला तर दिल्लीला जाऊ शकतो. मालवणातली विधवा हरली तर तिला हायकोर्टाची पायरी. सुनावणी दोघांची, पण अपील एकाचं, हा तोल कायद्यानेच सुधारायला हवा.

तोवर रुग्णाच्या हातात एकच गोष्ट पक्की आहे : कागद. केसपेपर लेखी मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. दार कुठलंही ठोठावा, पहिला प्रश्न त्या कागदांचाच येणार.