इंजिन मुक्त, पण वही कोणाची?

गणिताच्या मुक्त संगणकप्रणालींचा विषय निघाला की तज्ज्ञांच्या वर्तुळात एक ठरावीक सूर ऐकू येतो : 'खरे काम आतल्या गणिताचे, बाहेरची खिडकी काय, कोणीही बसवील!' या विद्वत्तापूर्ण उपेक्षेची किंमत विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे मोजली आहे.

'मॅक्झिमा'चेच उदाहरण घ्यावे. बहुपदींचे अवयव पाडणे, विकलन, संकलन ही कामे आकड्यांनी नव्हे, तर थेट अक्षरांनी करणारी ही प्रणाली. तिची पूर्वज 'मॅकसिमा' 1968 साली अमेरिकेतील एमआयटीत आकाराला येऊ लागली. टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांनी 1982 पासून तिची एक प्रत एकहाती सांभाळली आणि 1998 मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याकडून ती मुक्त परवान्याखाली खुली करण्याची अनुमती मिळवली. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जपलेले इंजिन मात्र सर्वांचे झाले होते.

आणि तरीही महाविद्यालयांतून बोलबाला राहिला तो 'मॅथेमॅटिका'चा. का? ती 1988 मध्ये बाजारात आली तीच मुळी नोटबुक घेऊन. गणित करणारा गाभा निराळा, लिहिण्याची वही निराळी. एकाच पानावर विवेचन, सूत्र, उत्तर आणि आलेख. प्राध्यापक भुलले ते या वहीवर. एकदा का आयुष्यभराची टिपणे त्या वहीत साठली, की परवान्याचे शुल्क भरत राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. इकडे मॅक्झिमाच्या वाट्याला काळी खिडकी. घातांक वरच्या ओळीत लटकलेला आणि भागाकाराची रेघ उणे चिन्हे जोडून काढलेली! प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने यावर प्रेम करावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ही कोंडी फोडली ती स्लोव्हेनियातील गणिती आंद्रेय वोदोपिवेत्स यांनी, 2004 च्या सुमारास सुरू केलेल्या 'डब्ल्यूएक्स-मॅक्झिमा'ने. हे काम म्हणजे निव्वळ रंगरंगोटी, असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या आत डोकावून पाहावे. वही आणि इंजिन हे दोन स्वतंत्र कार्यक्रम; एकाच संगणकावर राहून ते अंतर्गत जोडणीवरून परस्परांशी बोलतात. 'एक्सच्या एनव्या घाताचे संकलन कर' असे सांगितले, तर मॅक्झिमा उलट विचारते, 'एन हा उणे एक आहे काय?' हे उत्तर नसून प्रश्न आहे, हे वहीला ओळखावे लागते. अन्यथा दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील. वरच्या चौकटीतील सूत्र बदलले, तर खालची जुनी उत्तरे खोटी ठरतात; ती तशीच दिसू द्यायची काय? हे प्रश्न सोडवायला गणित कळावे लागते, आणि माणूसही. शिवाय या वहीची 'डब्ल्यूएक्सएमएक्स' प्रत म्हणजे एक साधी झिप पेटी असते. उद्या प्रणाली नाहीशी झाली तरी आतला मजकूर बाहेर काढता येतो. टिपणांवरची मालकी म्हणतात ती हीच.

'आता ब्राउझरमधील नोटबुक आल्या. डेस्कटॉपचे काय घेऊन बसलात?' असाही एक युक्तिवाद आहे. विल्यम स्टाइन यांनी 2005 मध्ये आरंभलेला 'सेज' आणि 2014 पासूनचा 'ज्युपिटर' हे प्रकल्प निःसंशय थोर आहेत. सेज तर आपल्या पोटात मॅक्झिमाच बाळगतो. परंतु विंडोजवर सेज बसवायचे तर आधी लिनक्सचा संसार मांडावा लागतो आणि दूरच्या सर्व्हरवरची वही जाळे तुटले की मिटते. तालुक्याच्या गावातील शिक्षकाला हवे आहे ते दोनदा टिचकी मारली की उघडणारे, आपल्याच संगणकावर चालणारे पान.

आपल्याकडे हे करणारे हात नाहीत काय? आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच 'सायलॅब'मध्ये उतरवून घेतली. हात आहेत, कामे मात्र चुकीची दिली जातात. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात 'ग्रंथालय व्यवस्थापन' नावाचा तोच प्रकल्प पिढ्यान्‌पिढ्या नव्याने लिहिला जातो आणि गुण मिळताच अडगळीत पडतो. त्याऐवजी डब्ल्यूएक्स-मॅक्झिमाच्या नोंदवहीतील एखादा जुना दोष दुरुस्त करणे किंवा तिच्या सूचना मराठीत आणणे, हा प्रकल्प म्हणून मान्य करायला विभागप्रमुखांना कोण अडवते आहे?