घोडीचा चातुर्मास

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि पुण्यातल्या वरातीच्या घोड्यांची कमाईही थांबते. जरीची झूल ट्रंकेत जाते आणि घोडी शहराच्या कडेला, एखाद्या मोकळ्या प्लॉटवरच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी राहते. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिला आराम, असं आपण धरून चालतो. ऑगस्टमध्ये त्या प्लॉटवर एकदा जाऊन या. घोडा उभ्यानं डुलक्या काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्यालाही थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. घोटाभर चिखलात घोडी अंग टाकत नाही. म्हणजे आराम दूरच, धड झोपही नाही.

याच दिवसांत, याच शहरात, रेसकोर्सचा हंगाम मात्र भरात असतो. मुंबईच्या पावसात महालक्ष्मीला शर्यती घेणं अवघड, म्हणून तिथला हंगाम हिवाळ्याचा आणि पावसाळा पुण्याच्या वाट्याला. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सहा-सातशे. पण रिपरिप इथेही आठवडाभर थांबत नाही. तरी रेसकोर्सचा चिखल होत नाही, कारण तिथे गवतावर किती टापा पडू द्यायच्या याचा हिशेब असतो. रोजचा सराव बराचसा वाळूच्या ट्रॅकवर. शर्यतीच्या गवतावर आतलं कुंपण काही मीटर बाहेर सरकवतात, म्हणजे तुडवलेल्या पट्ट्याला सावरायला वेळ मिळतो. जमीन किती मऊ झाली आहे, हे पेनेट्रोमीटर नावाची दांडी रुतवून मोजतात आणि तो आकडा जाहीर करतात.

यातलं मर्म गरीब घोडेवाल्यालाही लागू आहे. पाऊस जमीन ओली करतो, चिखल करतात ते खूर. मावळात भात लावण्याआधी वावराची चिखलणी करतात, ती मातीतली भोकं बुजून पाणी वरच राहावं म्हणून. घोडी दिवसभर नेमकं तेच करत असते. तीन-चारशे किलो वजन चार खुरांवर, आणि फिरणं तीनच जागी : फाटकापाशी, पाण्याच्या टाकीपाशी आणि शेडच्या तोंडाशी. त्यात रोजची पंधरा किलोच्या आसपास लीद तुडवली जाते. लीद पाणी धरून ठेवते, आणि काळ्या मातीला तर फुगायला निमित्तच हवं असतं.

अशा एका ठिकाणी मोतद्दाराला खूर साफ करताना जवळून पाहिलं. त्यानं घोडीचा मागचा पाय मुडपून मांडीवर घेतला आणि वाकड्या लोखंडी आकड्यानं खुरातला चिखल उकरला. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणाच्या खाचेतून काळपट, लिबलिबीत काहीतरी निघालं आणि असा वास सुटला की मी मागे सरलो. हवा न लागणाऱ्या खाचेत जंतू वाढून ती सडते, त्याचा हा वास. ओला राहून खूर मऊ पडला की नालाचे खिळे सैल होतात आणि एके दिवशी चिखल नाल ओढून घेतो. खुराच्या वरच्या कातडीवर खपल्या धरतात, त्या वेगळ्याच. त्यावर पाइपानं पाय धूत बसणं हा उपाय नव्हे, त्यानं कातडी आणखी भिजते. चिखल वाळू द्यावा आणि मग ब्रशनं झाडावा.

खरा उपाय पायाखाली आणि डोक्यावर आहे. आधी डोक्यावरचा. तीन मीटर बाय सहा मीटरच्या पत्र्यावर सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,८०० लिटर पाणी. मे महिन्यात ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो, तो अख्खा टँकर घोडेवाले शेडच्या दारातच रिकामा करून घेतात! एक पन्हळ लावली आणि पाणी पिंपात किंवा लांबच्या चरात सोडलं, तर निम्मं काम झालं. मग चढाच्या बाजूनं एक चर खणायचा, म्हणजे वरचं पाणी आत येत नाही. त्यानंतर त्या तीन जागांवरची मऊ माती खरवडून, खाली खडी, वर मुरूम, उतार देऊन धुम्मसनं चोपायचा. खडीखाली जिओटेक्स्टाइलचं कापड घातलं तर खडी मातीत गडप होत नाही. सगळा प्लॉट करायची गरज नाही. तेवढा एक कोपरा पक्का करून पावसात घोडी तिथेच ठेवायची आणि उरलेलं गवत वाचवायचं. लीद रोज उचलायची. भुसा किंवा पाचट टाकून चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी त्याचाच चिखल होतो. आणि बांधकामाचा राडारोडा फुकट मिळतो म्हणून तो ओतायचा नाही. त्यातला एक खिळा घोडी कायमची लंगडी करू शकतो.

यातलं जवळपास सगळं काम जूनच्या आधीचं आहे. भर पावसात मुरूम टाकला तर तोही चिखलातच जमा. छत्रपती शिवाजी महाराजांचं हलवर्णच्या मुक्कामावरच्या पागेला गेलेलं पत्र रयतेला तोशीस न देण्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. ते पत्र मे महिन्यातलं आहे आणि त्यात काळजी आहे ती पावसाळ्याची : दाणा-वैरण आत्ताच वाटेल तशी उडवलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, ही ताकीद. पागा राखायची तर आभाळ स्वच्छ असतानाच, हा त्यातला व्यवहार आजही तसाच लागू आहे.

अडचण पैशाची आहे, हे मान्य. चार महिने कमाई नाही, प्लॉट भाड्याचा, उद्या मालक उठवेल, मग मुरूम कुणी टाकायचा? म्हणून थोडा भार गिऱ्हाइकानं उचलायला हवा. वरात ठरवताना आपण झूल, छत्री आणि दिवे पाहून भाव करतो. यंदा तुळशीच्या लग्नानंतर घोडी ठरवायला गेलात, तर आधी तिचा मागचा पाय उचलून दाखवायला सांगा. खूर कोरडा आणि बिनवासाचा असेल, तर भावात घासाघीस करू नका. त्या माणसानं उन्हाळ्यात मुरमाला पैसे घातले आहेत.