नाटकं पुरे हं!

'ताई, मळमळतंय गं. आज क्लासला नाही जात.'

अकरावीतली माझी मावसबहीण महिनाभर रोज हेच म्हणत होती. मावशीचं निदान तयार, 'रात्री दोनपर्यंत मोबाइल, दुसरं काय!' आणि मी? रविवारी गेले, की 'नाटकं पुरे हं' म्हणून मोकळी. ऑफिसात नऊ तास खपून दमतो आपण. या पोरीला कसला आलाय थकवा?

मग एक दिवस जिना चढताना ती मध्येच खाली बसली. ओठ पांढरे. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४! या वयाच्या मुलीला किमान १२ हवं. डॉक्टरांनी शांतपणे चार प्रश्न विचारले आणि सगळं बाहेर आलं. पाळी आठ-आठ दिवस चालते, सकाळी उपाशीपोटी नुसता चहा, डबा तसाच परत. तिने हे कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना अ‍ॅनिमिया निघाला. आणि मुलगे? तेही ३१ टक्के!

पण बॉस, दर वेळी कारण हेच असेल असं नाही. शाकाहारी घरात बी-१२ कमी पडू शकतं. डोळे, लघवी पिवळी आणि अन्नावरची वासना उडालेली, तर कावीळ असू शकते. सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन उतरतंय? साखर त्याच दिवशी तपासा. मधुमेह फक्त काका-आजोबांनाच होतो थोडाच! थायरॉइड, मायग्रेन, परीक्षेचं टेन्शन, मनातली उदासीही असते. पाळी चुकली असेल, तर आरडाओरडा न करता प्रेग्नन्सी टेस्ट. आणि हो, मावशीचंही अगदीच चूक नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागतेच.

तेव्हा घरातलं पोरगं दोन आठवडे असंच मलूल दिसलं, तर लेक्चर नको, डॉक्टर गाठा. लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या चहासोबत घेऊ नका. गोळीने मळमळलं, तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.

तीन महिने झाले. परवा ती माझ्याआधी तिसऱ्या मजल्यावर पोचली. मी दुसऱ्यावरच धापा टाकत उभी. वरून आवाज आला, 'ताई, नाटकं पुरे हं!'